धाकट्याच्या वाट्याचा जिना

जिन्याचा दावा एकदाचा निकालात निघाला आणि आम्ही जिंकलो. समोरचेही जिंकले. हरलं कोणीच नाही, त्यामुळे दोन्ही वकिलांचे चेहरे उतरले होते.

आता हे सगळं विसरा. कारण तडजोडीतली पहिलीच अट अशी आहे, की असा काही दावा झालाच नव्हता असं दोन्ही पक्षांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी समजून चालावं. मी या घरची सून, म्हणजे कुटुंबीयांत मोडते. तेव्हा दावा झालेला नाही. मोठ्या काकांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाचा, पाय मोडलेला नाही. सासऱ्यांवर कोर्टाचं समन्स आलेलं नाही. जे झालंच नाही ते कसं कसं झालं, एवढंच सांगते.

माझे सासरे मोठ्या हॉस्पिटलात प्लास्टर करायचे. डॉक्टर हाड बसवायचे, बाबा त्यावर प्लास्टर चढवायचे. गावात त्यांना सगळे प्लास्टरवाले म्हणूनच ओळखतात आणि ते गावाला हाडांवरून ओळखतात. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर बाबांना चेहरा आठवत नाही. तो माणूस पुढे गेला, की त्याच्या चालीकडे बघून म्हणतात, "हां, डावा घोटा. चांगला जुळलाय." मला पहिल्यांदा भेटले तेव्हा नाव विचारायच्या आधी म्हणाले, "लहानपणी कोपर मोडलं होतं ना? काम बरं केलंय कोणीतरी." दुसऱ्याच्या प्लास्टरचं त्यांनी केलेलं हे एकमेव कौतुक, असं नंतर सासूबाईंकडून कळलं. मग मला जरा बरं वाटलं.

मोठे काका वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाले, पण भाजी घेताना अजून तराजूखाली वाकून बघतात. त्या दोघा भावांनी मिळून एक जुनी दुमजली इमारत घेतली. गुंतवणूक म्हणून. काकांचं म्हणणं असं, की सोनं चोरीला जातं, पैसा खर्च होतो, इमारत काही पळून जात नाही. "पळाली असती तर सुटलो असतो," असं सासूबाईंचं म्हणणं.

काकांनी जास्त रक्कम घातली होती, म्हणून वाटणीत तळमजला आणि पहिला मजला त्यांच्याकडे गेला. बाबांना गच्ची. "तिथं हवी तेवढी मोठी खोली बांध," काका म्हणाले, "आभाळापर्यंत तुझंच." कागद करताना वकिलांनी विचारलं, "आणि जिना कोणाचा?" बाबा तेव्हा हजर नव्हते. कुठल्याशा शाळेत कवायतीचा मनोरा कोसळला होता आणि हॉस्पिटलात नुसती मनगटंच मनगटं आली होती. वकील म्हणाले, जिना बेवारस ठेवता येत नाही. काका म्हणाले, "मग धाकट्याचा लिहा. गच्चीवर जायला त्यालाच लागणार." संध्याकाळी बाबांनी प्लास्टरने पांढऱ्या झालेल्या बोटांनी सही केली. अशा रीतीने माझे सासरे जन्मभराच्या बचतीतून एका जिन्याचे मालक झाले. जिन्याला भाडं येत नाही. पण बाबांनी कधी तक्रार केली नाही. उलट त्यांना अभिमान.

"माझा जिना मळत नाही," ते पाहुण्यांना सांगायचे. "मी फक्त रविवारी फडकं मारतो. तेही जिवाच्या समाधानासाठी. दगडच तसला आहे."

खरी काळजी निराळी होती. आम्ही तेव्हा राहत होतो हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये. बाबा निवृत्त झाले, की किल्ली परत द्यायची. तोवर गच्चीवर खोली उभी राहिली पाहिजे, नाही तर संसार घेऊन कुठं जायचं, हा प्रश्न होता. त्या खोलीचा नकाशा बाबांनी प्लास्टरच्या टाकाऊ तुकड्यावर पेन्सिलने काढून ठेवला होता. सासूबाई त्यावर रोज एक खिडकी वाढवायच्या.

आणि अशात मोठे काका जिन्यावरून पडले.

वळणावरच्या पायरीवरून घसरले ते थेट खाली. नडगीचं हाड मोडलं. हॉस्पिटलात आणलं तेव्हा ड्यूटीवर कोण? बाबाच. बाबांनी भावाचा चेहरा पाहायच्या आधी पाय पाहिला आणि म्हणाले, "हा तर आमच्या घरातला पाय आहे." मग प्लास्टर केलं आणि त्यांच्या पद्धतीप्रमाणे त्यावर पेन्सिलने तारीख घालून खाली सही केली. बाबा प्रत्येक प्लास्टरवर सही करायचे. विचारलं तर म्हणायचे, "मोडणारा सांगत नाही मी मोडलं म्हणून. जोडणाऱ्यानं तरी सांगावं."

"पण दादा, तू जिन्यावर काय करत होतास?" बाबांनी विचारलं. काकांचा तळमजला भाड्याने दिलेला, तिथं चष्म्याचं दुकान. पहिला मजला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना दिलेला, तोही दलालामार्फत. वर जायचं काकांना काही कारणच नव्हतं.

"कामानिमित्त," काका म्हणाले आणि भिंतीकडे बघायला लागले.

दोनच दिवसांनी ते कुबड्या घेऊन आमच्या घरी आले. चहा टाकायला सांगितला. मग म्हणाले, "हे बघ, इमारतीचा विमा काढलाय मी. मालकाच्या हलगर्जीपणामुळे कोणाला इजा झाली, तर कंपनी भरपाई देते. जिन्याचा मालक तू. तेव्हा मी तुझ्यावर दावा लावतो."

"बरं," बाबा म्हणाले.

"म्हणजे तुझ्यावर नाही रे. विमा कंपनीवर. नाव फक्त तुझं."

"बरं."

"भरपाई आली, की तुझ्या खोलीच्या विटांना घालू. माझा पाय, तुझ्या विटा. वाईट काय आहे?"

"भाऊजी, साखर घेणार?" सासूबाईंनी विचारलं. ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजात मी अजून कोणाला साखर विचारलेली नाही.

तर असा प्रेमाने दावा दाखल झाला. दोन्ही भाऊ कोर्टात एकाच गाडीतून गेले. मग विमा कंपनीचं उत्तर आलं. इतक्या तत्परतेने विमेवाल्यांनी कोणाला उत्तर दिल्याचं मी ऐकलेलं नाही, पण नाही म्हणायचं असलं, की माणसाला हुरूप येतो. त्यांचं म्हणणं होतं, की ज्याने विमा काढला तोच पडला आहे आणि ज्याचा जिना आहे त्याचं नाव विम्यात नाही. सबब आमचा संबंध नाही. कळावे.

विमा कंपनी अशी मधून उठून गेली आणि मागे उरले दोघे भाऊ, एकमेकांसमोर, कोर्टात.

तेव्हाच मागे घ्यायचा होता दावा. काका घेणारही होते. पण तोवर आमच्या वकिलांनी लेखी उत्तर दाखल केलं होतं. आमचे आणि त्यांचे वकील एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसतात. टाचण्या मारायचं यंत्र दोघांत एक. आमच्या वकिलांनी सवयीने लिहिलं, की वादी स्वभावाने उतावीळ असून वजनाने जास्त आहेत, त्यामुळे अपघातास ते स्वतःच जबाबदार आहेत. आणि टाचणी मारायला कागद समोर सरकवला.

काका आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत आलेच नाहीत.

"वजनाने जास्त?" ते म्हणाले. "माझं वजन कोणी केलं? काटा कुठला होता? तपासलेला होता का? शिक्का होता काट्यावर?"

"दादा, ते वकिलांनी लिहिलंय."

"सही तुझी आहे! उतावीळ म्हण, मूर्ख म्हण, मोठा भाऊ आहे, ऐकून घेईन. पण आयुष्यभर मापात पाप होऊ दिलं नाही मी, आणि तू माझंच वजन अंदाजपंचे लिहितोस?"

ते गेले. कुबड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. रागाने जाणाऱ्या माणसाला कुबड्या असू नयेत, जाणं फार लांबतं.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. फक्त प्लास्टरच्या खोलीत बोलावं लागायचं, कारण हाड जुळायला दाव्याइतकाच वेळ घेत होतं आणि काका दुसऱ्या कोणाला पायाला हात लावू देत नव्हते. डबा द्यायला गेले होते तेव्हा मी स्वतः पाहिलं. काका टेबलावर आडवे, बाबांच्या हातात प्लास्टर कापायची गरगर फिरणारी करवत.

"हलू नका," बाबा म्हणाले. "वादी हलले, की प्रतिवादीचा हात हलतो."

"हे वाक्य मी वकिलांना सांगीन. धमकी आहे ही."

"सांगा. पाय सरळ ठेवून सांगा."

"आणि हे कवच मला पाहिजे. पुरावा आहे. वर सही आहे तुमची."

"न्या. पोटरीला खाज येत असेल, आधी खाजवून घ्या."

काकांनी डोळे मिटून पोटरी खाजवली. त्या सुखात ते राग जरा विसरले असावेत, कारण म्हणाले, "हां... जरा खाली." आणि बाबांनी खाली खाजवलं. मग दोघांनाही आठवलं, की आपला दावा चालू आहे.

ते प्लास्टरचं कवच कोर्टात गेलं. तिथल्या कारकुनाने ते आतून-बाहेरून पाहिलं आणि विचारलं, "यात पाय नाही. मग पुराव्याचा नंबर कोणाला द्यायचा?" काकांनी ते परत घरी आणलं. काकू त्यात छत्र्या ठेवायला लागल्या.

इकडे आमच्या खोलीच्या परवानगीचा अर्ज बांधकाम खात्यातून परत आला. जिन्याबाबत वाद न्यायप्रविष्ट असल्याने जिन्यावरूनच जाता येईल अशा कोणत्याही बांधकामास मंजुरी देता येत नाही. बाबांची निवृत्ती तर दारात येऊन उभी.

"दावा हरलो तर भरपाईपायी जिनाही जाणार," सासूबाई म्हणाल्या. "जिंकलो तरी तोवर क्वार्टर जाणार. मग सामान कुठं ठेवायचं? जिन्यावर? एकेका पायरीवर एकेक डबा मांडते. वर देव, खाली चपला."

"बघू," बाबा म्हणाले.

"काय बघू? भावाला फोन लावा."

"तो बोलला तर मी बोलेन."

"अहो, तुम्ही जगाची हाडं जुळवता!"

"हाडांना अहंकार नसतो," बाबा म्हणाले, आणि सगळ्यांत जास्त दुखणारी गोष्ट मग हळूच बोलले, "आणि अलीकडे जिनाही मळायला लागलाय. पूर्वी कधी असा मळत नव्हता. दगड थकला बहुतेक."

शेवटी कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. मध्यस्थ म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश बाई. कापसासारखे केस, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी दोन्ही फायली चाळून बाजूला ठेवल्या. "कागदावर पडलेला माणूस मला समजत नाही," त्या म्हणाल्या. "पायरी दाखवा."

म्हणून आम्ही सगळे जिन्याशी जमलो. मध्यस्थ बाई, दोन वकील, दोन भाऊ, सासूबाई आणि मी. माझे यजमान कामावर होते. ते अशा वेळी नेहमी कामावर असतात. हवेत गारठा होता. काकांनी हिरवा, कोपराला ठिगळ लावलेला एक लेडीज बटणांचा स्वेटर घातला होता. काकांच्या अंगावर तो मी पूर्वी कधी पाहिला नव्हता, पण वादीच्या कपड्यांवर बोलू नये असं आमच्या वकिलांनी बजावलं होतं.

जिन्याला एका अंगाला शेजारच्या इमारतीची भिंत, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. कठडा कोणी लावायचा यावर दोघांचं कधी ठरलंच नव्हतं. काकांनी काठी टेकली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि बाबांचा हात आपसूक त्यांच्या कोपराखाली गेला.

"चढताना चांगला पाय आधी," बाबा म्हणाले.

"माहीत आहे."

"माहीत असतं तर पडला नसतास."

"हे लिहून घ्या," काका आपल्या वकिलांना म्हणाले. वकिलांनी खिसे चाचपले. पेन आमच्या वकिलांकडे होतं.

अशी ती वरात वळणावरच्या पायरीपर्यंत पोचली. मध्यस्थ बाई वाकून पायरी बघत होत्या, तेवढ्यात पहिल्या मजल्याचं दार उघडलं आणि दातांच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तोंडावरचा मास्क खाली ओढून त्या काकांकडे बघून एकदम हसल्या.

"अय्या, काका! बरे झालात? किती दिवस वाट बघतेय तुमची."

सगळे काकांकडे बघायला लागले. काका भिंतीकडे.

"तुम्ही यांना ओळखता?" मध्यस्थ बाईंनी विचारलं.

"म्हणजे काय! रोज दुपारी जिना पुसायला येतात ना. येत होते, पडेपर्यंत. गाडी मीच बोलावली. तो ओल्या फडक्याचा बोळा यांच्याच पायाखाली आला, बिचारे. बादली अजून माझ्याकडे आहे. आणि जिना बघा आता, रया गेली पार. मालकांनी दुसरा माणूसच ठेवला नाही."

"मालक कोण, माहीत आहे?"

"नाही बाई. मालकांना मी कधी बघितलंच नाही. सगळं दलालच बघतात. पण मालक कंजूष असणार, हे यांच्या शर्टावरून कळायचं. कुडकुडत पुसायचे. मी माझा एक जुना स्वेटर दिला." त्यांनी नीट पाहिलं. "हाच. छान बसलाय की!"

वकिलांपैकी एकाला खोकला आला. दुसऱ्याने त्याला पाणी दिलं.

"तुम्ही तो घेतलात?" मध्यस्थ बाईंनी काकांना विचारलं.

"इतक्या मायेनं देत होती," काका म्हणाले. "मी तुझा घरमालक, असं कसं सांगू? लाजली असती पोर."

पोर आत्ता लाजली. मास्क वर ओढून ती दारातच उभी राहिली.

बाबा पुढे झाले. ते वळणावरच्या पायरीवर खाली बसले, तळहाताने दगड पुसला आणि तळहात बघितला. काळा झाला होता. मग म्हणाले, "रोज?"

"रविवार सोडून," काका म्हणाले. "रविवारी तू यायचास."

"कशाला पण?"

"कशाला काय! मजले मी घेतले, जिना तुझ्या गळ्यात बांधला. तू नव्हतास तिथं, असतास तरी काही बोलला नसतास. दिवसभर उभं राहून काम करतोस, वर हा पुसायचा. मनाला लागलं होतं. पण वाटणी झाली होती, कागदावर शिक्का होता. शिक्का बसलेलं माप मला बदलता येत नाही, माहीत आहे तुला. म्हटलं, पुसून तरी काढावा."

"मग दावा का मागे घेतला नाहीत?" मध्यस्थ बाई म्हणाल्या.

"माझं वजन काढलं त्यांनी. लेखी."

बाई आमच्या वकिलांकडे वळल्या. नुसत्या वळल्या. वकील घाईने म्हणाले, "ते वाक्य आम्ही मागे घेतो. वादी मध्यम बांध्याचे आहेत."

"पाणी फार घेत होतास," बाबा पायरीकडेच बघत म्हणाले. "फडकं पिळून घ्यायचं असतं."

"पिळायला जोर राहिला नाही हातात."

"इकडे आण." बाबांनी भावाचं मनगट हातात घेतलं आणि अंगठ्याने हळूहळू दाबत तपासायला लागले. "इथं दुखतं?"

"नाही."

"इथं?"

काकांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सासूबाईंनी पदराने उगाचच पायरीचा कोपरा पुसला आणि म्हणाल्या, "भाऊजी, चहा घेऊन जा आता. साखर घालून."

तडजोड तिथेच, जिन्यावर झाली. मांडीवर फाईल ठेवून मध्यस्थ बाईंनी लिहून काढली. दावा झालाच नव्हता, हे काकांच्या आग्रहावरून पहिलं कलम. जिना दोघांचा. कठडा दोघांनी मिळून लावायचा, आणि त्यासाठी आधी पहिल्या मजल्याच्या भाड्यातून थोरला पैसे देईल, असं काकांनी स्वतः सांगितलं. पुसायचं काम दोघांपैकी कोणीच करायचं नाही, बाई ठेवायची. सही करताना काकांनी ते कलम दोनदा वाचलं आणि त्यांना थोडं वाईट वाटलं, असं मला दिसलं. स्वेटर परत करायला गेले, तर डॉक्टरीणबाईंनी घेतला नाही. उलट एक दात फुकट काढून देते म्हणाल्या. काकांनी विचार करतो म्हणून सांगितलं.

गच्चीवरची खोली उभी राहिली. सासूबाईंच्या मनातल्या सगळ्या खिडक्या तिला बसल्या नाहीत, पण दोन बसल्या, आणि त्यातून हॉस्पिटल दिसतं. निवृत्तीच्या दिवशी बाबा क्वार्टरची किल्ली देऊन आले, कठड्याला धरून वर चढले आणि म्हणाले, "चढताना चांगला पाय आधी." बरोबर कोणीच नव्हतं. स्वतःलाच सांगत होते.

आता एकच अडचण उरली आहे. रोज संध्याकाळी काका येतात आणि दोघे भाऊ वळणावरच्या पायरीवर गप्पा मारायला बसतात. वर खोलीत खुर्च्या आहेत, त्या चालत नाहीत. पायरी मात्र दोघांना पुरत नाही. एकजण बसला, की दुसऱ्याचं अर्धं अंग कठड्यात अडकतं. एकाने खालच्या पायरीवर बसावं म्हटलं, तर काका म्हणतात, मी थोरला, मी खाली कसा? आणि बाबा म्हणतात, जिना मुळात माझा. पुन्हा वकिलांकडे जायची वेळ येऊ नये म्हणून सगळ्यांच्या वतीने मी बांधकाम खात्याला अर्ज लिहिला आहे. वजनाबद्दल त्यात एक अक्षरही नाही. तो असा:

प्रति, मा. प्रमुख, बांधकाम खाते यांसी. विषय: वळणावरची पायरी रुंद करून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते, की सदर पायरीवर दोन सख्खे भाऊ रोज सायंकाळी बसत असून, जागेअभावी एकाचा खांदा कठड्यात तर दुसऱ्याचा भिंतीत जात आहे. सदर भिंत शेजारील इमारतीची असून ती आपल्या जागेवर कायदेशीररीत्या उभी आहे, याबाबत आमची तक्रार नाही. तथापि दोघांचेही वय लक्षात घेता, शेजारील इमारतीस वीतभर पलीकडे सरकून बसण्याची समज आपल्या स्तरावरून देण्यात यावी, ही नम्र विनंती.